मुलाचा ताबा आणि हुकुमाची बजावणी : ॲनी बेझंट यांचे दोन खटले

दिवाणी दाव्याचा इतिहास लिहिणारा अभ्यासक बहुधा निकालाच्या तारखेशी येऊन थांबतो. छापील निवाड्यांची मालिका तेथेच संपते, आणि त्यानंतर काय घडले ह्याची नोंद ठेवण्याचे काम निवाडे छापणारांचे नसते. पक्षकाराच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणींना आरंभ होतो तो हुकूमनामा हाती पडल्यावर, अशा आशयाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली काढले होते, आणि आपल्या वकीलवर्गात ते अद्यापि ऐकावयास मिळतात. जमिनीच्या दाव्यात बेलिफ जागेवर जातो, पंच बोलावतो, ताबेपावती होते. पैशाच्या दाव्यात जप्ती होते. वादाचा विषय मूल असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र न्यायसंस्थेला गेली दोनशे वर्षे सुटलेला नाही. मूल एकदा उचलून एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन पोचविता येते. परंतु 'आईने महिन्यातून एकदा मुलास भेटावे आणि बापाने भेटू द्यावे' हा हुकूम एका दिवसात बजावून होत नाही. तो दर महिन्याला नव्याने बजावावा लागतो, आणि ज्याच्याकडून तो पाळून घ्यावयाचा तोच मुलाचा रोजचा सांभाळ करीत असतो.

ह्या अडचणीचा इतिहास पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात ॲनी बेझंट ह्यांच्या आयुष्यातील दोन खटले घेतले आहेत. पहिला १८७८ सालचा, लंडनच्या चॅन्सरी न्यायालयातला. त्यात त्या मुलीचा ताबा गमावणाऱ्या आई होत्या. दुसरा १९१२ ते १९१४ ह्या काळातला, मद्रासचा. त्यात मुले त्यांच्या स्वाधीन होती आणि ती परत मागणारा बाप न्यायालयाच्या दारी उभा होता. चरित्रकारांनी पहिला खटला बाईंच्या नास्तिक पर्वात घातला आहे व दुसरा थिऑसॉफीच्या पर्वात, आणि दोहोंमध्ये शेकडो पानांचे अंतर पडले आहे. विधीच्या इतिहासात ते शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे आमचे मत आहे. एकाच व्यक्तीने एका वेळी हुकुमाचा मार सोसला आणि दुसऱ्या वेळी तोच हुकूम निष्प्रभ करून दाखविला, असे उदाहरण दुर्मिळच.

प्रथम इंग्लंडातील पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कॉमन लॉप्रमाणे औरस मुलाचा ताबा हा बापाचा निरपवाद हक्क होता. १८०४ सालच्या दी मॅनव्हिल प्रकरणात आठ महिन्यांचे अंगावर पिणारे मूल बापाने आईपासून हिसकावून नेले, तरी किंग्ज बेंच न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. १८३६ सालच्या ग्रीनहिल प्रकरणात बापाचे परस्त्रीशी संबंध असूनही सहा वर्षांखालील तीन मुली त्याच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला. ह्या दुसऱ्या प्रकरणाचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आईने हुकूम मानला नाही. ती मुलींना घेऊन परदेशी निघून गेली. बापाच्या हक्काबद्दल कायद्याला कसलीही शंका नव्हती, पण त्या हक्काचा अंमल मात्र सामुद्रधुनीच्या काठापर्यंतच चालत होता. ह्या खटल्यात बापाच्या बाजूने काम करणारे वकील टॅलफोर्ड ह्यांनीच पुढे आईच्या हक्कासाठी पार्लमेंटात विधेयक मांडले. आपण जिंकलेल्या खटल्याने एखाद्या वकिलाचे मन असे बदलल्याची उदाहरणे फार नसावीत.

टॅलफोर्ड ह्यांच्या विधेयकामागे लेखणी होती ती कॅरोलाइन नॉर्टन ह्यांची. त्यांचे पती जॉर्ज नॉर्टन ह्यांनी १८३६ साली तीन मुलगे त्यांच्यापासून तोडले आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न ह्यांच्यावर व्यभिचाराबद्दल नुकसानभरपाईचा दावा आणला. ज्यूरीने दावा फेटाळला. बाई निर्दोष ठरल्या, मुले मात्र परत मिळाली नाहीत, कारण मुलांच्या ताब्याचा आणि आईच्या निर्दोषत्वाचा कायद्याच्या दृष्टीने काहीच संबंध नव्हता. बाईंनी टोपणनावाने पत्रके लिहून रान उठविले, आणि १८३९ साली अज्ञान मुलांच्या ताब्याचा कायदा संमत झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा व त्याहून मोठ्या मुलांची भेट मागण्याची मुभा त्याने आईला प्रथमच दिली. तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसावा एवढी अट होती. इंग्रजी कायद्यात आईच्या 'भेटी'ला वैधानिक स्थान मिळाले ते येथे. पण नॉर्टन ह्यांनी मुलांना स्कॉटलंडात आपल्या बहिणीकडे ठेविले होते, आणि नवा कायदा स्कॉटलंडास लागू नव्हता. जिच्या खटपटीने कायदा झाला तिलाच त्याचा उपयोग झाला नाही. १८४२ साली धाकटा मुलगा विल्यम घोड्यावरून पडून जखमी झाला व त्यातच वारला. आई पोचली तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर उरलेल्या दोन मुलांस भेटण्याची सवलत नॉर्टन ह्यांनी आपण होऊन दिली. कायद्यास जे करविता आले नाही ते एका मृत्यूने करविले.

बजावणीचे एकच शस्त्र त्या काळी धारदार होते. ते म्हणजे न्यायालयाच्या अवमानाबद्दलचा तुरुंगवास. पार्लमेंटचे सभासद लाँग-वेलस्ली ह्यांनी १८३१ साली चॅन्सरीने नेमलेल्या पालकांच्या ताब्यातून आपली मुलगी पळवून नेली, तेव्हा लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम ह्यांनी सभासदत्वाचा विशेषाधिकार न जुमानता त्यांस कैदेत धाडले. ह्या प्रसंगाचा पुढे पुष्कळ गौरव झाला आहे. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. तेथे मूल न्यायालयाचे पाल्य होते, त्याच्या नावे संपत्ती होती आणि चॅन्सरीची प्रतिष्ठा पणास लागली होती. नवऱ्याने बायकोला पोराची भेट नाकारली म्हणून तुरुंगाचे दार इतक्या तत्परतेने उघडत नसे.

आता बेझंट ह्यांच्या पहिल्या खटल्याकडे वळू. ॲनी वुड ह्यांचे लग्न १८६७ साली रेव्हरंड फ्रँक बेझंट ह्यांच्याशी झाले. १८६९ साली मुलगा डिग्बी व १८७० साली मुलगी मेबल झाली. पत्नीचा धर्मविश्वास उडाल्यामुळे १८७३ साली दोघांनी विभक्त होण्याचा लेख केला. मुलगा वडिलांकडे राहावा, मुलगी आईकडे राहावी आणि परस्परांच्या भेटीगाठींची सोय असावी, असा करार झाला. त्याच साली पार्लमेंटने असा कायदा केला होता की, विभक्तपणाच्या लेखात बापाने ताबा सोडून दिला एवढ्याच कारणाने तो करार रद्द मानू नये. मात्र मुलाच्या हिताचा नसेल तर न्यायालयाने तो अमलात आणू नये. पूर्वार्धाने आईला जे दिले ते काढून घेण्याची वाट उत्तरार्धातच ठेवलेली होती.

१८७७ साली चार्ल्स ब्रॅडलॉ व बेझंटबाई ह्यांनी संततिनियमनावरील नोल्टन ह्यांची जुनी पुस्तिका पुनर्मुद्रित केली. अश्लीलतेबद्दल खटला झाला, शिक्षा झाली, आणि १८७८ च्या आरंभी आरोपपत्रातील तांत्रिक दोषामुळे ती रद्द झाली. फौजदारी न्यायालयातून त्या अशा सुटल्या आणि चॅन्सरीत अडकल्या. त्याच वर्षी फ्रँक बेझंट ह्यांनी मेबलच्या ताब्यासाठी अर्ज केला. तो सर जॉर्ज जेसेल ह्यांच्यापुढे चालला. बाईंनी स्वतःच काम चालविले; स्त्रीने स्वतः बाजू मांडणे न्यायमूर्तींस रुचले नव्हते, ही गोष्ट लपून राहिली नाही. निकालात दोन कारणे आली. आई मुलीस धर्मशिक्षण देत नाही, हे एक. आणि अशा पुस्तिकेशी नाव जोडले गेलेल्या बाईच्या घरी वाढलेल्या मुलीशी सभ्य स्त्रिया संबंध ठेवणार नाहीत, हे दुसरे. मुलीची हेळसांड झाली असे कोणीच म्हटले नव्हते. विभक्तपणाचा लेख पाच वर्षे पाळला गेला होता, पण ताब्यापुरता तो आता निरुपयोगी झाला.

ह्या हुकुमाची बजावणी किती वेगाने झाली हे बाईंच्या आत्मचरित्रावरून कळते. मेबल तापातून नुकती उठत होती. बापाचा माणूस घरी आला आणि ओरडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या आठ वर्षांच्या आतल्या त्या मुलीला उचलून घेऊन गेला. म्हणजे ताब्याचा हुकूम एका दुपारी पुरा झाला. मूल दुबळे होते, आईने अडविले नाही, आणि कायदा, शक्ती व समाजमत ही तिन्ही एकाच बाजूस होती.

आईच्या भेटीची गोष्ट निराळी. आरंभी ती तिला मिळालीच नाही. तेव्हा बाईंनी एक विलक्षण मार्ग शोधला. भेट मिळत नसेल तर वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावून मी नवऱ्याच्या घरी राहावयास येते, अशी नोटीस त्यांनी दिली. नवऱ्याशी नांदण्याची त्यांस तिळमात्र इच्छा नव्हती. त्या घरात मुले होती, एवढेच. महाराष्ट्रातील वाचकांस हा दावा ओळखीचा आहे. ह्याच दाव्याच्या पोटी १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असे बजावले होते. जे हत्यार स्त्रीला नांदावयास लावण्यासाठी घडविले होते ते एका आईने मुलांच्या दारापर्यंत पोचण्यासाठी उचलावे, ह्यावरून भेट मिळविण्याचे सरळ मार्ग किती अरुंद होते हे उघड होते. पण जेसेल ह्यांनी हाही मार्ग बंद केला. विभक्तपणाच्या लेखात असे दावे न लावण्याचे तिने कबूल केले आहे, आणि तेवढा भाग तिच्यावर बंधनकारक आहे, असा निर्णय १८७९ साली झाला. एकाच दस्तऐवजातील तिला मूल देणारे कलम मोडून पडले आणि तिचे हात बांधणारे कलम शाबूत राहिले! ही विसंगती बाईंनी पुढे आपल्या लेखनात कठोर शब्दांत मांडली. न्यायमूर्तींच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, मुलाच्या हिताचे कारण सांगून करार मोडण्याची सत्ता त्यांस कायद्याने दिली होती. नवऱ्याविरुद्ध दावा लावू देण्यासाठी करार मोडण्याची दिली नव्हती.

त्याच वर्षी अपील न्यायालयाने ताबा बापाकडे कायम केला, पण आईचा भेटीचा हक्क मान्य झाला. येथपर्यंतची हकिकत निवाड्यांच्या छापील मालिकेत सापडते. पुढची सापडत नाही, आणि आपणांस हवी ती तीच. फ्रँक बेझंट ह्यांनी हुकूम उघडपणे मोडला असे बाई कोठेही म्हणत नाहीत. भेटी झाल्या. पण त्या अशा रीतीने होऊ दिल्या की, मुलांच्यादेखत आईच्या वाट्यास बारीकसारीक अपमान यावेत. आणि प्रत्येक भेटीनंतर मेबल झुरत राही. दरवाजा उघडा ठेवून उंबरठ्यावर काटे पसरावे तसा हा प्रकार होता. अवमानाची कारवाई करावयाची तर कशाबद्दल करावयाची? हुकुमात 'भेट' होती. भेटीत गोडवा असावा असे कोणत्या हुकुमात लिहिता येईल? अखेर बाईंनी मनाशी झगडून आपण होऊन तो हक्क सोडला. मुले मोठी होऊन स्वतः विचार करू लागेपर्यंत त्यांस भेटावयाचे नाही, असे ठरविले. वयात येताच दोन्ही मुले आईकडे परत आली. बापास मुलांचा देह दहाएक वर्षे मिळाला. त्यापलीकडे काही मिळाल्याचे दिसत नाही.

बेझंटबाईंचा दुसरा खटला हिंदुस्थानात घडला. तेव्हा येथील कायद्याची परंपरा काय होती हे पाहिल्यावाचून त्याकडे जाता येत नाही. इलाख्याच्या शहरांतील सुप्रीम कोर्टांनी इंग्लंडातील हेबियस कॉर्पसचा आदेश येथे आणला. मुंबईत त्याचा गाजलेला उपयोग १८४३ साली श्रीपत शेषाद्री ह्या सुमारे बारा वर्षांच्या ब्राह्मण मुलाच्या बाबतीत झाला. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला आणि श्रीपतही स्कॉटिश मिशनऱ्यांकडे राहू लागला. बापाने मिशनरी नेस्बिट ह्यांच्याविरुद्ध अर्ज केला. मुलाला बापाकडे जावयाचे नव्हते. पण न्यायमूर्ती अर्स्किन पेरी ह्यांनी त्याच्या वयाकडे बोट दाखवून त्याची इच्छा विचारात घेण्याचे नाकारले व त्यास बापाच्या हवाली केले. बजावणी येथेही तत्काळ झाली. अडचण आली ती न्यायालयाबाहेर. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या मुलास पंक्तीस घ्यावयाचे की नाही, ह्यावर शास्त्रीमंडळींत मोठा वाद माजला, आणि प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेऊन पुष्कळ रोष ओढवून घेतला. सुप्रीम कोर्टाने मूल घरी पोचविले, पण घराने त्यास आत घ्यावे असे फर्मावण्याचा अधिकार कोर्टास नव्हता. बाळशास्त्र्यांच्या चरित्रात हा प्रसंग धर्मसुधारणेच्या संदर्भात येतो. तो ताब्याच्या हुकुमाच्या मर्यादेचाही पुरावा आहे, ह्याकडे क्वचितच लक्ष गेले आहे.

पुढे १८९० साली पालक व पाल्य अधिनियम आला. आजही तो अमलात आहे. त्यातील तीन कलमे येथे पाहण्याजोगी आहेत. कलम ९ प्रमाणे पालकत्वाचा अर्ज अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयातच करता येतो. कलम १७ मध्ये मूल समजूतदार पसंती व्यक्त करण्याइतके मोठे असेल तर न्यायालयाने ती विचारात घ्यावी असे म्हटले आहे. पेरी ह्यांनी जे नाकारले ते सत्तेचाळीस वर्षांनी कायद्यात आले. कलम २५ प्रमाणे पालकाच्या ताब्यातून गेलेल्या पाल्यास परत आणण्यासाठी त्याला अटक करविता येते. शब्द अटकेचाच आहे, आणि ती पळवून नेणाऱ्यास नसून पळवून नेलेल्या मुलास आहे. हुकूम न पाळणाऱ्यास कलम ४५ खाली शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढे दररोज दहा, एकूण पाचशेच्या आत, आणि दिवाणी तुरुंग. मुलाच्या भेटीचा मात्र ह्या अधिनियमात शब्दानेही उल्लेख नाही. आपल्या न्यायालयांनी पुढे भेटीचे जे हुकूम दिले ते मुलाचे कल्याण ह्या व्यापक शब्दांतून काढलेले आहेत. त्यांच्या बजावणीसाठी वेगळे साधन १८९० च्या कायदेकारांनी घडविलेच नाही.

जिड्डू नारायणय्या हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले थिऑसॉफिस्ट १९०९ च्या आरंभी मुलांसह अड्यार येथे राहावयास आले. त्याच वर्षी सी. डब्ल्यू. लेडबीटर ह्यांची नजर त्यांच्या कृष्णमूर्ती ह्या मुलावर पडली, आणि भावी जगद्गुरू ह्याच्या रूपाने प्रकट होणार असे सोसायटीत बोलले जाऊ लागले. कृष्णमूर्तींचा जन्म मे १८९५ चा. धाकटा नित्यानंद तीन वर्षांनी लहान. ६ मार्च १९१० रोजी नारायणय्यांनी दोघांचे पालकत्व लेखी देऊन बेझंटबाईंच्या स्वाधीन केले. सदतीस वर्षांपूर्वी बाईंच्या हाती असाच एक लेख होता, आणि त्याची किंमत किती हे त्यांच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते.

१९१२ च्या आरंभी वडिलांच्या संमतीने बाईंनी दोघा मुलांस इंग्लंडास नेले. ऑक्सफर्डचे शिक्षण द्यावयाचे, असा बेत होता. मुलांस लेडबीटर ह्यांच्यापासून दूर ठेवावे हा वडिलांचा आग्रह होता, आणि तो पाळला जात नाही असे त्यांस दिसले. जुलैमध्ये त्यांनी पत्र लिहून मुले परत मागितली. ती आली नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांनी चिंगलपेटच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला, कारण अड्यार तेव्हा त्या जिल्ह्यात मोडत असे. दावा तेथून मद्रासच्या उच्च न्यायालयात वर्ग झाला. वादीतर्फे सी. पी. रामस्वामी अय्यर उभे राहिले. हेच गृहस्थ तीनचार वर्षांनी होमरूल चळवळीत बाईंचे उजवे हात झाले. बाईंनी पुन्हा एकदा स्वतःच काम चालविले.

न्यायमूर्ती बेकवेल ह्यांनी १५ एप्रिल १९१३ रोजी निकाल दिला. लेडबीटर ह्यांच्यावर मुलाच्या संबंधात केलेला विशिष्ट आरोप त्यांनी शाबीत धरला नाही, पण त्यांची मते पाहता त्यांचा सहवास मुलांस घातक आहे असे म्हटले. मुले न्यायालयाचे पाल्य ठरविण्यात आली, आणि २६ मे १९१३ पर्यंत ती वडिलांच्या स्वाधीन करावीत असा हुकूम झाला. ह्या तारखांचा मेळ लक्षात घेण्याजोगा आहे. कृष्णमूर्तींना मे महिन्यात अठरा वर्षे पूर्ण होत होती. हिंदुस्थानच्या कायद्याने अज्ञानपण तेथे संपते. न्यायालयाने त्याआधी पालक नेमला असेल तर मात्र १९९९ पर्यंतच्या कायद्याप्रमाणे ते एकविसाव्या वर्षापर्यंत लांबत असे. म्हणजे वडिलांचा हक्क काही आठवड्यांत आपोआप विझण्याच्या बेतात होता. ताब्याच्या वादात काळ हा नेहमीच मूल ज्याच्याजवळ आहे त्याच्या बाजूने लढतो. बाईंनी अपील केले. सर आर्नल्ड व्हाइट व ओल्डफील्ड ह्यांनी ऑक्टोबरमध्ये ते फेटाळले. त्या प्रिव्ही कौन्सिलात गेल्या, आणि दरम्यान बजावणीस तहकुबी मिळविली. मुले युरोपातच राहिली.

मे १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दोन्ही निकाल रद्द केले. निवाडा लॉर्ड पार्कर ह्यांनी लिहिला आहे, आणि तो आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा असा आहे. वरवर पाहता निर्णय अधिकारितेचा आहे. मुले चिंगलपेट जिल्ह्यात सामान्यतः राहत नव्हती, म्हणून तेथील न्यायालयास अधिकार नव्हता; ज्याला अधिकार नाही त्याच्याकडून वर्ग झालेल्या दाव्यात उच्च न्यायालयासही तो येत नाही. शिवाय एका माणसाने दुसऱ्यावर लावलेला सामान्य दावा हा पालकत्व ठरविण्याचा मार्गच नव्हे. पण निवाड्याचा गाभा ह्यापुढे आहे. बापाचे पालकत्व हा एक पवित्र विश्वास आहे आणि तो त्याला कायमचा दुसऱ्यास देऊन टाकता येत नाही. १९१० चा लेख तो मागे घेऊ शकतो. येथपर्यंत बाप जिंकला. परंतु त्या लेखावर विसंबून मुलांचे आयुष्य एका नव्या वळणावर गेले असेल तर ते मोडणे मुलांच्या हिताचे आहे काय, हे न्यायालयाने पाहिले पाहिजे. आणि मद्रासेस ते पाहिले गेले नव्हते, कारण त्या दाव्यात मुलांची बाजू मांडणारा कोणीच नव्हता व त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती.

नंतर बजावणीचा मुद्दा येतो. प्रतिवादीने इंग्लंडातील दोन तरुणांस हिंदुस्थानात आणून हजर करावे असा हुकूम होता. ते यावयास तयार नसतील तर बाईंनी काय करावयाचे? त्यांस बळाने जहाजावर चढविले असते तर इंग्लंडच्या न्यायालयाने त्याच क्षणी हेबियस कॉर्पसचा आदेश काढून ते थांबविले असते. कायदेशीरपणे जी गोष्ट करता येत नाही ती करण्याचा हुकूम देऊ नये. वडिलांना पुढे जावयाचे असेल तर त्यांनी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाकडे जावे, असा मार्ग मोकळा ठेवण्यात आला. नारायणय्यांनी तो धरला नाही. निवृत्त सरकारी नोकराने लंडनमध्ये नवा खटला उभा करणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

ह्या निवाड्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. मुलास मत असते आणि ते विचारले पाहिजे, हे तत्त्व त्याने साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठावरून सांगितले, आणि आपल्या न्यायालयांनी पुढे अनेक वेळा त्याचा आधार घेतला. हे त्याचे मोठेपण आहे. परंतु हे तत्त्व उमलले ते कोणत्या जमिनीत? एका पक्षाने मुले समुद्रापलीकडे नेली, दीडदोन वर्षे दाव्यात व अपिलांत गेली, तेवढ्या काळात मुलांचे मन नव्या जागी रुळले, आणि मग त्यांच्या मनाचा विचार झाला. मेबलला कोणी विचारले नाही, कारण ती आठ वर्षांच्या आतली होती आणि हाताशी होती. कृष्णमूर्तींना विचारले पाहिजे होते असे ठरले, कारण ते एकोणीस वर्षांचे आणि हाताबाहेर होते. वयाचा फरक महत्त्वाचा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण केवळ वयाने हा भेद समजावून सांगता येणार नाही. नित्यानंद अजून सोळा वर्षांचाही झालेला नव्हता. हुकूम जेथे सहज बजावता येत होता तेथे न्यायालयांनी मुलाचे मन पाहिले नाही, आणि जेथे तो बजावताच येत नव्हता तेथे पाहिले, असे ह्या दोन खटल्यांवरून म्हणावे लागते. बेझंटबाईंनी हा धडा १८७८ साली जेसेल ह्यांच्या न्यायालयातच घेतला होता काय, हे त्यांच्या लेखनावरून ठरविणे धोक्याचे आहे. एक मात्र खरे, की ज्या बाईने मुलांच्या मनःशांतीसाठी आपला भेटीचा हक्क सोडला, तिने पस्तीस वर्षांनी दुसऱ्याच्या मुलांसाठी सोडण्याचे नाव काढले नाही. त्यांच्या अनुयायांस ही तुलना आवडणार नाही. पण बापाची बाजू लिहावयास कोणी अनुयायी नव्हते, म्हणून ती येथे नोंदविली पाहिजे.

खटला संपल्यावर बाई पुन्हा राजकारणात गुंतल्या. १९१६ मध्ये टिळकांच्या पाठोपाठ त्यांनी आपला होमरूल संघ काढला. कृष्णमूर्ती व नित्यानंद ऑक्सफर्डला कधीच गेले नाहीत. ज्या शिक्षणासाठी एवढा लढा झाला ते झालेच नाही. दोघे भाऊ १९२१ च्या अखेरीस हिंदुस्थानात परत आले, आणि पुढील वर्षाच्या आरंभी मद्रासेस वडिलांच्या भेटीस गेले. मध्ये जवळजवळ दहा वर्षे गेली होती. नारायणय्या १९२४ साली वारले, आणि नित्यानंद त्यांच्या पाठोपाठ १९२५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.